कान्होबाचा वाटा

आखातातल्या मराठी घराला माळा नसतो, म्हणून पलंगाखाली खोकी असतात. टीव्हीचं खोकं, मिक्सरचं खोकं, आतल्या थर्माकोलसकट. ‘परत जाताना लागेल’ म्हणून ठेवलेली. टीव्ही बिघडतो, नवा येतो, त्याचंही खोकं पलंगाखाली जातं. आपलं परत जाणं तेवढं पुढच्या व्हिसावर ढकललं जातं. व्हिसा दोन-दोन वर्षांचा आणि सामान सात पिढ्यांचं, असा हा संसार.

शारजात अल नाहदाला आमच्या शेजारी राहणाऱ्या काका-काकूंनी ही खोकी अखेर बाहेर काढली. काका निवृत्त झाले, मुलगी लग्न होऊन कॅनडात. पुण्याच्या फ्लॅटमध्ये बसून पासबुक भरून आणण्यापेक्षा दोघांनी विवेकानंद केंद्राचे वानप्रस्थी कार्यकर्ते व्हायचं ठरवलं. अमरावती जिल्ह्यातल्या टिमटाळ्याचे एकनाथजी रानडे यांनी कन्याकुमारीचं शिलास्मारक १९७० मध्ये पुरं केलं आणि १९७२ मध्ये केंद्र सुरू केलं. संसारातून मोकळ्या झालेल्या माणसांनाही तिथे काम असतं. यांचा ओढा अरुणाचलातल्या केंद्राच्या शाळांकडे. माणशी एकच बॅग न्यायची, हा नियम मात्र केंद्राचा नव्हे, काकांचा. “केंद्रवाले दोन म्हणाले असते,” असं काकू अजून म्हणतात.

सुरुवात व्यवहारानं झाली. काकांनी एक्सेलमध्ये यादी केली : वस्तू, घेणाऱ्याचं नाव, अंदाजे किंमत. जुनं फर्निचर घेणारा आला, सोफ्याभोवती एक फेरी मारून गप्प उभा राहिला. शेवटी सोफा उचलून नेण्याचे पैसे त्यानं द्यायचे की आपण, एवढाच वाद उरला. कपडे मशिदीजवळच्या पेटीत गेले. स्वयंपाकघर आवरायला काकूंनी मला बोलावलं. डॅनिश बिस्किटांच्या निळ्या डब्यांची उतरंड होती. एकातही बिस्किटं नाहीत. एकात सुया-दोरे, एकात मोबाइलच्या जुन्या चार्जरची गुंतवळ, एकात फक्त इतर डब्यांची झाकणं. खालच्या कप्प्यात ‘गावी न्यायला’ ऑफरमध्ये घेतलेली यार्डलीची पावडर आणि टायगर बाम. ज्यांना द्यायचं त्यातले काहीजण आता राहिले नव्हते. काकूंनी एक बाटली उघडून वास घेतला, झाकण घट्ट लावलं आणि पुढचा कप्पा उघडला. एवढ्या पसाऱ्यात अरुणाचलात लागणारी एकच गोष्ट सापडली नाही : स्वेटर.

मग एके दिवशी काकांनी एक्सेलमधला किमतीचा रकाना काढून टाकला. आठवड्याभरात नावांचाही गेला. “आता खरी आवराआवर सुरू झाली,” काकू म्हणाल्या.

मला तुकोबांची खतं आठवली. सावकारीची कागदपत्रं त्यांनी इंद्रायणीत बुडवली, हे आपल्याला पाठ असतं. त्याआधी त्या खतांचे दोन वाटे झाले होते, ते आपण विसरतो. एक वाटा धाकट्या भावाचा, कान्होबाचा. तो त्याला देऊन तुकोबांनी फक्त आपला बुडवला. कान्होबा आपला वाटा घेऊन घरी गेला. त्याच्यावर कुणी कीर्तन करत नाही. पण मला त्याच्याबद्दल फार आपुलकी वाटते. कारण काका-काकूंचं घर जसं रिकामं होत गेलं तसं आमचं भरत गेलं. पोळपाट आला, इस्त्रीचं टेबल आलं, खलबत्ता आला, एक भिंतीवरचं घड्याळ आलं आणि नको नको म्हणताना ती निळी उतरंडही आली. विरक्ती एकाला येते आणि टेम्पो दुसऱ्याच्या दारात लागतो.

त्यागाचा हिशेब घरच्या बाईला विचारावा. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ख्रिस्ती संन्यास घेतला, साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. थोरच माणूस. पण लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचताना कळतं, की टिळकांची उदारता ज्या घरातून बाहेर पडे त्या घरात चूल पेटवायचं काम दुसऱ्याच कुणाकडे होतं. काकूंनी हे पुस्तक बॅगेत घातलंय. काकांनी वजनाच्या नावाखाली ते दोनदा बाहेर काढलं, ते दोनदा परत आत गेलं.

सेवेला माणसं इथून जातात तशी इथे आलीही होती. अल ऐनला १९६० मध्ये अमेरिकेतलं केनेडी डॉक्टर दांपत्य शेख झायेद यांच्या बोलावण्यावरून आलं आणि मातीच्या एका अतिथीगृहात दवाखाना थाटून बसलं. त्यातून उभं राहिलेलं रुग्णालय आज ‘कनद’ नावानं चालू आहे. केनेडींना लोक तसंच म्हणत. त्यांनी येताना काय काय मागे ठेवलं असेल ते त्यांच्या शेजाऱ्यांना ठाऊक.

देव्हाऱ्याशी मात्र काका अडले. बाकी सगळं देता येतं, विकता येतं. देवांचं काय करायचं? बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा काकूंनी हँडबॅगेतल्या डबीत ठेवले. देव्हारा शिसवी, कोल्हापूरहून आणलेला, पुन्हा तसा मिळायचा नाही. तो खालच्या मजल्यावरच्या नवविवाहित जोडप्यानं नेला. त्यांच्याकडे पलंग अजून नाही, देव्हारा आहे. काका जिन्यापर्यंत धरू लागले, मग लिफ्टचं दार बंद झाल्यावर बराच वेळ मजल्यांचे आकडे बघत राहिले. “दोनवर थांबली,” एवढंच म्हणाले.

आता फक्त शारजाच्या वीज-पाण्याचं शेवटचं बिल राहिलंय. त्या खात्याचं नाव गावभर ‘सेवा’. म्हणजे सेवेचा हिशेब चुकता केल्याशिवाय काकांना सेवेला निघता येत नाही.

माझ्याकडे आलेल्या कुकरची कुळकथा काकूंनी जाताजाता सांगितली. तो त्यांना बर दुबईहून परतलेल्या एका कुटुंबानं दिला होता आणि त्या कुटुंबाला करामातल्या कुणीतरी. या देशात मराठी घरं अशीच उभी राहतात, जाणाऱ्यांच्या भांड्यांवर. आमच्याकडे आता कुकर दोन झाले आहेत. अल नाहदात कुणी नवीन आलं असेल तर पाच लिटरचा घेऊन जावा. शिट्टी उत्तम आहे, रिंग तेवढी नवी घालावी लागेल. सोबत निळे डबेही न्यावे लागतील.