तंबाखूच्या अळीस तंबाखूचाच काढा

तीर्थरूप आबा व आजी यांस, मु. पो. खामगाव, जि. बुलढाणा, नॉर्थ कॅरोलायनातील मुलगा, सून व नातवंडे यांचा शिरसाष्टांग नमस्कार.

परसातील तंबाखूवर पडलेल्या अळीसाठी आबांनी फोनवरून जो तंबाखूचा काढा सुचविला, त्याविषयी येथील कुटुंबाचे नम्र म्हणणे असे की, औषध नामी असले तरी रोगी ते आधीपासूनच पोटभर घेत आहे. विदर्भात या काढ्याची पत मोठी असून अमरावती जिल्ह्यातील बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर यांनी प्रचारात आणलेल्या अग्निअस्त्रातही, म्हणजे गोमूत्रात तंबाखू, हिरवी मिरची, लसूण व कडुनिंबाचा पाला उकळून केलेल्या फवाऱ्यातही, तंबाखू असतेच. कारण तिच्यातील निकोटीन बहुतेक किडींच्या मज्जासंस्थेवर आघात करते. प्रस्तुत अळी त्या बहुतेकांत मोडत नाही, आणि मिरचीचे झाडही तिला वर्ज्य नसल्यामुळे अग्निअस्त्र हे तिच्या दृष्टीने जवळजवळ जेवणाचे ताट ठरावे.

लिनियसने 1763 मध्ये नोंदविलेल्या या किडीचे आजचे शास्त्रीय नाव मँडुका सेक्स्टा असे आहे. अळी हिरवीगार, बोटाएवढी जाड व पूर्ण वाढल्यावर तीन इंचांहून लांब होते. कुशीवर सात तिरप्या पांढऱ्या रेघा आणि मागच्या टोकास लालसर वाकडे शिंग असते, जे दिसायला भयंकर असले तरी टोचत नाही. टोमॅटोवरील तिच्या बहिणीचे शिंग काळसर असते. मात्र दोघीही तंबाखू व टोमॅटो दोन्ही खातात. पोटात गेलेले बहुतेक निकोटीन ही अळी शरीराबाहेर टाकते, आणि 2014 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार त्याचा अल्पसा अंश तिच्या अंगावरील श्वासरंध्रांतून वाफेसारखा निघत असल्याने भक्ष्यावर झडप घालणारा लांडगा-कोळी माघार घेतो. याचा अभ्यास शास्त्रज्ञांनी आता केला असला, तरी आबांच्या तोंडात बार असताना त्यांच्याजवळ न बसण्याचा आजींचा परिपाठ त्याहून कितीतरी जुना आहे.

अळी शोधणे हे मारण्यापेक्षा कठीण काम होय. ती पानाच्या देठाशी एकरूप होऊन बसते, त्यामुळे नजर आधी खालच्या पानांवर पडलेल्या काळपट, खोबणीदार लेंड्यांवर ठेवावी लागते व तेथून सरळ वर पाहावे लागते. रात्री अतिनील प्रकाशाची बॅटरी लावल्यास ती फिकट हिरवी चमकते, म्हणून हे खाते नातवाकडे आहे. वेचलेली अळी साबणाच्या पाण्यात टाकण्याचे काम बोंडअळीच्या चर्चा ऐकत वाढलेल्या खामगावकर चिरंजीवांकडे असून त्यांचा त्या कामातील उत्साह पाहून सूनबाई घरात निघून जातात. वेचण्याखेरीज दुसरा उपाय 'बीटी'चा. खामगावच्या शेतात 'बीटी' कपाशीच्या बियाण्यातूनच येते, कारण 2002 पासून भारतात परवानगी मिळालेल्या त्या कपाशीत एका जिवाणूचे जनुक बसविलेले असते. येथील बागाईतदार तोच जिवाणू पाण्यात मिसळून पानांवर फवारतात, आणि तो पोटात गेल्यावर अळीचे आतडे निकामी होते. लहान अळीवर हा उपाय चांगला लागू पडतो, मोठीवर फारसा नाही. आणि पानांचा खरा फडशा मोठीच पाडते.

व्हिडिओ कॉलवर जिच्या पाठीवर पांढरे दाणे दिसताच आबांनी "अंडी आहेत, चिरडा" असा हुकूम सोडला, त्या अळीस मात्र अभय देण्यात आले आहे. ते दाणे अंडी नसून कोटेसिया नावाच्या चिमुकल्या गांधीलमाशीचे कोश आहेत. ही माशी आपली अंडी अळीच्या अंगात टोचते, सोबत अळीची प्रतिकारशक्ती दडपणारा विषाणूही सोडते. पिल्ले आतून तिला पोखरतात व कातडी फोडून बाहेर कोश विणतात. अशी अळी खाणे सोडते आणि मरते, परंतु कोशांतून निघणाऱ्या माश्या पुढच्या अळ्यांचा समाचार घेतात. तेव्हा तिला चिरडणे म्हणजे फुकट राबणारा सालदार हाकलून देणे.

राहिला प्रश्न आबांनी मागितलेल्या पुडीचा. अळ्यांनी कृपापूर्वक शिल्लक ठेवलेली पाने गॅरेजमध्ये वाळत घातली आहेत. ती खामगावी आणावीत किंवा कसे, याचा निर्णय कुटुंबाने एकमताने आजींवर सोपविला असून त्यांचे उत्तर आबांमार्फत न येता त्यांच्याच तोंडून यावे, ही विनंती.