फिरला पाहिजे, हलता कामा नये

टॅपेटकाकांच्या फाटकावरून रविवारी सकाळी जायचं असेल तर मोबाइल कानाला लावून, बोलत असल्याचं सोंग करत जावं. नाहीतर "अरे, बरा आलास, हे जरा धर" असं म्हणत हातात पान्हा येतो आणि पुढचे दोन तास धुतल्या कपड्यांचा माणूस एका जुन्या बुलेटच्या उजव्या अंगाला उकिडवा बसलेला दिसतो. पोस्टमन बसलेला आहे. गॅस सिलिंडरवाला बसलेला आहे. मतं मागायला आलेला एक उमेदवारही बसला होता. त्याला मत मिळालं की नाही ठाऊक नाही, ग्रीस मात्र मिळालं.

यात काकांचा दोष निम्माच. उरलेला इंग्लंडातल्या रेडिच गावचा, कारण बुलेट मूळची तिथली. कास्ट आयर्नच्या 350 बुलेटला सिलिंडरच्या बुडाशी एका नटावर बसलेलं छोटं झाकण असतं. ते काढलं की आत व्हॉल्व्ह उघडणाऱ्या पुशरॉडची दोन खालची टोकं दिसतात, एक इनलेटचं आणि एक एक्झॉस्टचं. हीच टॅपेटची जागा. प्रत्येकापाशी एकाखाली एक तीन षटकोन. खालचा धरून ठेवायचा, मधला लॉकनट सैल करायचा, वरचा फिरवून माप जुळवायचं. पान्हे तीन, जागा काडेपेटीएवढी आणि देवाने माणसाला हात दिलेले दोन. शिवाय लॉकनट आवळताना जुळलेलं माप हटकून बिघडतं, की पुन्हा पहिल्यापासून.

आणि माप तरी काय? बाकीच्या गाड्यांना टॅपेटच्या फटीत फिलर गेजची पत्ती सरकवून बघतात. या इंजिनाचं माप शून्य! इंजिन थंड, पिस्टन कंप्रेशनच्या वरच्या टोकाला, दोन्ही व्हॉल्व्ह बंद. अशा वेळी पुशरॉड दोन बोटांत धरला तर गोल फिरला पाहिजे, वरखाली हलता कामा नये. झालं. पण हे वाक्य काकांच्या डोक्यात गेलं ते तिथून परत बाहेर आलंच नाही.

पुतण्याच्या साखरपुड्याची अंगठी घ्यायला सगळे सराफाकडे गेले. सराफ मापाच्या कड्या काढतोय तोवर काकांनी पुतण्याचं बोट धरलं, अंगठी घातली, अंगठा आणि तर्जनीने गोल फिरवली, मग वर ओढून बघितली. "फिरला पाहिजे, हलता कामा नये." पुढे लग्नात नवरदेवाच्या फेट्यालाही हीच चाचणी झाली. सोसायटीच्या सभेत खर्चाचे अधिकार सेक्रेटरीला किती द्यावेत यावर तासभर खल चालला होता. काका उठले, दोन बोटं हवेत फिरवली, वाक्य म्हणाले आणि बसले. चौघांनी टाळ्या वाजवल्या. अर्थ कोणालाच कळला नव्हता.

काकूंचा गुडघा बदलायचा ठरला तेव्हा सर्जनने एक्स-रे लावून सांधा कसा बसवणार ते नीट समजावलं. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "वरखाली प्ले किती ठेवणार?" दुर्दैव असं की सर्जनकडेही जुनी 350 निघाली. काकू तपासणीच्या टेबलावर पडून होत्या आणि इकडे दोघे बुलेटच्या डीकॉम्प्रेशनच्या केबलवर बोलत होते.

गाडी एनफील्ड इंडियाची, मद्रासच्या तिरुवोत्तियूरच्या कारखान्यातली. 1955 साली मद्रास मोटर्स आणि रेडिचची कंपनी एकत्र येऊन हे दुकान सुरू झालं. 1970 येईतो मूळ ब्रिटिश कंपनीचा बाजार उठला आणि 1977 पासून मद्रासची बुलेट उलट इंग्लंडला जाऊ लागली. ही कथा काका एखाद्या विजयी लढाईसारखी सांगतात. जुन्या जावा-येझदीवाल्यांविषयी मात्र त्यांच्या बोलण्यात अनाथांविषयीची कणव असते. टू-स्ट्रोक बिचाऱ्या, त्यांना व्हॉल्व्हच नाहीत, मग टॅपेट कुठून असणार?

बरं, माणूस नुसता बडबड्या असता तर सोडून दिला असता. गल्लीतल्या एका पोराने जुनी बुलेट घेतली आणि लांबून चालवत आणून तशीच तापलेली गॅरेजात टॅपेटला लावली. सकाळी किक मारली तर पाय लोण्यात गेल्यासारखा खाली. कंप्रेशनच नाही. पोराला वाटलं, पिस्टन गेला, पैसे बुडाले. काकांनी इंजिनाला हात लावायच्या आधीच निदान केलं. इंजिन तापलं की सिलिंडर आणि हेड वाढतात, पुशरॉडची फटही वाढते. तापलेल्यावर शून्य लावलं की थंड झाल्यावर ते शून्याच्याही खाली जातं आणि व्हॉल्व्ह बंदच होत नाही. पोर पान्हे धरून बसलं, काकांनी फिरवलं, गाडी दुसऱ्या किकला सुरू झाली. पैसे घेतले नाहीत. व्याख्यान दिलं, ते महाग पडलं.

खरी गोष्ट अशी की तिसऱ्या हातासाठी काकांना पूर्वी फाटकावर दबा धरून बसावं लागत नसे. तो हात काकूंचा होता. लग्न झाल्यापासून रविवारी खालचा पान्हा त्यांनीच धरला, तोही न हलवता. पोस्टमनला ते आजतागायत जमलेलं नाही. नव्या गुडघ्याने उकिडवं बसता येत नाही, म्हणून त्या आता व्हरांड्यात खुर्चीवर लसूण सोलत बसतात. काका किक मारतात, चेहऱ्यावर समाधान घेऊन वळतात आणि काकू मान वर न करता म्हणतात, "आज आवाज कमी येतोय. एक्झॉस्ट घट्ट आहे." काका चिडतात, वाद घालतात, संध्याकाळपर्यंत इंजिन थंड होऊ देतात आणि झाकण काढून बघतात. पुशरॉड फिरत नसतो.

काकूंनी नेमकं वर्म पकडलं होतं. सैल टॅपेट टकटक करून गल्ली डोक्यावर घेतं, पण सहसा तेवढंच. घट्ट टॅपेट गप्प असतं. व्हॉल्व्ह सीटवर पुरता बसत नाही, त्याची उष्णता सीटवाटे बाहेर पडत नाही आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आतल्या आत जळत जातो.

काकांच्या मुलाने एनफील्डचीच क्लासिक घेतली. 2009 साली भारतात आलेल्या त्या गाडीच्या इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट. तेलाच्या दाबावर फट आपोआप भरून निघते, पान्हा लागत नाही. काकांनी गाडीभोवती एक फेरी मारली, "छान आहे" म्हणाले आणि आत जाऊन पेपर वाचत बसले.

जुनी बुलेट बाळगणाऱ्यांनी एवढं करावं. टॅपेट करायचे असतील तर गाडी आदल्या संध्याकाळी गॅरेजात नेऊन ठेवावी, तापल्या इंजिनाचं झाकण कोणालाही उघडू देऊ नये आणि कोणी "काय शांत चालते हो तुमची!" म्हणालं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी आधी एक्झॉस्टचा पुशरॉड बोटांनी फिरवून बघावा.