वारणेचा तह आणि ग्रब

कोल्हापूरकराला पार्टिशन शिकवायला जाऊ नये. आम्ही ते १७३१ च्या वारणेच्या तहातच करून बसलोय: नदीच्या अलीकडं आमची गादी, पलीकडं साताऱ्याची. सातारची गादी खालसा करायला पुढं १८४८ साली डलहौसी लागला. लॅपटॉपवर शेजारी नांदणारं विंडोज गायब करायला मात्र उबुंटूचं एक अपग्रेड पुरतं. सकाळी लॅपटॉप सुरू होतानाच्या मेनूत उबुंटू एकटंच, आणि राजारामपुरीतला दुकानदार झाकण उघडायच्या आत म्हणतो, "फॉरमॅट मारूया की!"

अहो, पार्टिशन जागच्या जागीच असतं. तो मेनू दाखवणाऱ्या ग्रबच्या २.०६ आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ पासून, दुसरी प्रणाली हुडकणारा ओएस-प्रोबर मुळातच बंद ठेवलेला असतो. कारण म्हणे सुरक्षा. शेजाऱ्याच्या दारावरची पाटी काढायची आणि तो मेला म्हणून सुतक पाळायचं, त्यातला प्रकार. ग्रबच्या सेटिंगच्या फाइलीत प्रोबर बंद ठेवणारी ओळ 'फॉल्स' करून ग्रब अपडेट केलं, की शेजारी बहुतेक वेळा हजर. तरी त्याच्या फायलींना हात लावू देत नसेल, तर विंडोज अर्धवट झोपलंय. त्याचं फास्ट स्टार्टअप बंद करून पुरतं शटडाउन करा.

तोवर फॉरमॅटवाल्याला चहा पाजा, लॅपटॉप देऊ नका.