स्वर्ग दोन बोटं खाली

मुंबईच्या दादाने गाडी घेतली आणि आमच्या सारवलेल्या अंगणाला एकाएकी कमीपणा आला. कशेडी घाटाच्या पायथ्याशी आमचं घर. रस्त्यापासून पडवीपर्यंत चाळीस फूट लांब, दहा फूट रुंद पेव्हर ब्लॉक घालायचे, असा ठराव मे महिन्यात आंबे चोखता चोखता मंजूर झाला.

रंगावर चार दिवस खल चालला. वहिनींना लाल-करडा हवा, काकांना भगवा. आकार सरळ की नागमोडी, यावरून दोन घरांचा अबोला झाला. ब्लॉकखाली काय घालायचं, हे गवंड्याने चपला घालता घालता विचारलं.

"कच टाकू ना?"

"टाका," दादा म्हणाला. संपली चर्चा.

माझा स्वभाव वाईट; मी वाचून बसलो होतो. म्हटलं, दादा, कच म्हणजे क्रशरखालची भुकटी. कोरडी असताना छान बसते, पण पाणी धरून ठेवते. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस. तिची लापशी होणार, आणि चाक पडलं की ती सांध्यातून वर येणार. इंडियन रोड्स काँग्रेस सांगते, खाली दाबून घट्ट केलेली खडी, तिच्यावर जाडसर, स्वच्छ वाळूची 20 ते 40 मिलिमीटरची गादी. कडेला काँक्रीटची पट्टी, दहा फुटांना अडीच इंच उतार, सांध्यात बारीक कोरडी वाळू. आणि गादीने खालचे खळगे बुजवायचे नसतात. आज बुजवलेला खळगा उद्या वर दिसतो.

'गादी' शब्द ऐकताच काका सावरून बसले. या तालुक्यात गादीसाठी भांडणं नवी नाहीत, पण ती वाळूची असते हे त्यांना ठाऊक नव्हतं. शेजारचे निवृत्त गुरुजी म्हणाले, "सिमेंट कालवा, हलायचंच नाही." म्हणजे पाण्यालाही जायला वाट नाही! चुलतभाऊ म्हणाला, "डोंगराची लाल माती फुकट आहे." आजी एवढंच म्हणाली, "आधी जमीन चोपा रे." तिचं चोपणं अजून पडवीत टांगलेलं आहे. गवंड्याचं चोपायचं यंत्र भाड्याने मिळत होतं, पण भाडं ऐकून तो प्रस्ताव पुढच्या सभेत गेला.

वाळूचा हिशेब मी मांडला. दोन बोटं जाडी, चारशे चौरस फूट, चाळीस घनफूट. अर्धा ब्राससुद्धा नाही! 2023 साली सरकारी भाव ब्रासला 600 रुपये जाहीर झाला होता. तो भाव आमच्याकडे पेपरातून पोचला. वाळू मात्र रात्री दोनला येणार होती, आणि पावती मागायची नव्हती. धुतलेली क्रश सँड दिवसाढवळ्या मिळत होती, पण दादा म्हणाला, "जे दिसणार नाही, त्याच्यावर खर्च कशाला?" मला स्वर्ग दोन बोटं उरला होता, तो कचेखाली गेला.

अंगण झालं. नारळ फुटला, फोटो निघाले. फोटोत गादी येत नाही, हाच तिचा गुन्हा.

गणपतीला दादा नव्या बोगद्यातून, घाटाची वळणं टाळून झोकात आला आणि घरच्या अंगणात टेकला. चाकांखाली दोन चर पडले होते. आरतीला आलेल्या पाहुण्यांनी ज्या ब्लॉकवर पाय ठेवला, तो बरोब्बर पांढऱ्या पायजम्यावर पिचकारी मारत होता. गवंड्याला बोलावलं. त्याने चपला न काढता निदान केलं, "वरनं दोन पाट्या कच मारू. बसंल."

दादा विचारात पडला. मग त्याचा चेहरा उजळला. 2011 पासून रुंद होत असलेल्या आपल्या महामार्गाच्या खड्ड्यांतही गणपतीच्या तोंडावर असेच पेव्हर ब्लॉक बसवलेले त्याने पाहिले होते.

"म्हणजे काम नियमातच आहे," तो म्हणाला.

आहेच. आमच्या अंगणाला राष्ट्रीय दर्जा मिळाला. टोल तेवढा अजून लावलेला नाही.