पंखाखालचा शेजारधर्म
अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या ऑशकोश विमानतळावर १९७० पासून भरणाऱ्या वैमानिकांच्या जुलैअखेरच्या मेळ्याला आज एअरव्हेंचर म्हणतात. आठवडाभरात परिसरात दहा हजारांवर विमाने उतरतात आणि कित्येक वैमानिक आपल्याच विमानाच्या पंखाखाली तंबू ठोकतात.

हवेत शिस्त कडक असते. उतरायला येताना वाटेतल्या फिस्क गावावर नियंत्रक विमानाला रंगावरून हाक मारतो. वैमानिकाने रेडिओवर उत्तर द्यायचे नाही, फक्त पंख हलवायचे. तोंड न उघडण्याचा हा संयम चाके गवताला लागेपर्यंतच टिकतो. त्यानंतर शेजारच्या तंबूला मध्यरात्रीपर्यंत प्रत्येक लँडिंगची हकिकत, वाऱ्याच्या दिशेसकट, फुकट ऐकायला मिळते.

विमान बांधायचे दोर आणि खुंट्या ज्याच्या त्याने आणायच्या असतात. ‘वारा काही फार नाही’ म्हणणारा गृहस्थ वादळी पावसात बहुधा इतरांच्या विमानांत सापडतो, कारण त्याचे विमान तिथेच जाऊन बसलेले असते. खरी परीक्षा निघताना. विमान हाताने ढकलून रांगेबाहेर न्यावे, शेपटीमागे कोणाचा तंबू नाही हे पाहावे, मगच इंजिन सुरू करावे. घाईतला वैमानिक जागेवरच पंखा फिरवतो. मागच्याचा तंबू, टॉवेल आणि कॉफीचा कप त्याच्याआधी उड्डाण करतात. परक्या विमानाला न विचारता हात लावणे असभ्य मानले जाते; परक्या पंखावर ओले मोजे वाळत घालणे त्याहून असभ्य.