भोसरीची बिनव्याजी बँक

२७ जून हा जागतिक सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग दिन. संयुक्त राष्ट्रांनी २०१७ साली तो जाहीर केला आणि आपल्याकडच्या शाल-श्रीफळवाल्यांना हक्काचा आणखी एक दिवस मिळाला. तोही लघुउद्योगच, तेव्हा तक्रार नाही.

त्या दिवसाचं भाषण ठरलेलं असतं. लघुउद्योग हा अर्थव्यवस्थेचा कणा. जीडीपीत सुमारे ३० टक्के वाटा, निर्यातीत ४५ टक्क्यांच्या आसपास. मग १८८८ साली बेळगावात सायकलचं दुकान काढणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर येतात. शेवटी भाषणाला लिज्जत यावी म्हणून पापडही येतो. १९५९ साल, गिरगाव, सात गृहिणी, ८० रुपये उसने. टाळ्या. त्या संस्थेत लाटलेले पापड जमा केले की बाईच्या हाती लाटणावळ पडते, हे मात्र कुणी सांगत नाही. ते सांगायचं ठरवलं तर वक्त्याला घोटभर पाणी मागावं लागेल.

कारण वक्ते साहेब एका मोठ्या कंपनीचे उपाध्यक्ष असतात. आणि दुसऱ्या रांगेत टाळ्या वाजवणारे शेठ भोसरी एमआयडीसीतल्या एका गाळ्यात साहेबांच्याच कंपनीसाठी बुश आणि पिना बनवतात. दोन लेथ, एक जुनी मिलिंग, हप्त्यावर घेतलेलं एक व्हीएमसी मशीन, सहा कामगार. कामगार, टेम्पोवाला, चहावाला सगळे त्यांना शेठ म्हणतात, कारण सगळ्यांचे पैसे तेच देतात. कंपनीतले लोकही शेठच म्हणतात. पैशांच्या जागी तेवढ्यावरच भागवतात.

शेठ पार्ट बनवतात हा तसा गैरसमजच. पार्ट हा जोडधंदा, मुख्य व्यवसाय बँकिंग. स्टील रोखीने आणायचं, वीजबिल तारखेला भरायचं, पगार सात तारखेला करायचा आणि तयार माल कंपनीच्या दारात नेऊन टाकून चार महिने गप्प बसायचं. चार महिन्यांचं कर्ज, बिनव्याजी. तारण नाही, जामीनदार नाही, साधा अर्जही नाही. या बँकेत सावकार गेटपास काढून बाकड्यावर बसतो आणि कर्जदार मीटिंगमध्ये असतो.

वसुलीचे फोन असे होतात.

‘साहेब, आपलं फेब्रुवारीचं बिल...’

‘शेठ, जीआरएन झालं नाही अजून.’

जीआरएन म्हणजे माल मिळाल्याची कंपनीची नोंद. पुढच्या आठवड्यात जीआरएन झालेलं असतं, पण क्वालिटीची सही राहिलेली असते. सही होते तेव्हा सिस्टीम डाउन असते. सिस्टीम सुरू होते तेव्हा ऑडिट लागतं. मग मंथ-एंड, मग क्वार्टर-एंड, मग सही करणारे साहेब रजेवर. आणि एक दिवस पलीकडून आवाज एकदम मऊ होतो. ‘शेठ, तुम्ही आमचे जुने पार्टनर. तुमचे पैसे कुठे पळून चाललेत का?’ पार्टनर म्हटलं की शेठ ओळखतात, आणखी एक महिना गेला. फोन ठेवता ठेवता साहेब आठवण करतात, ‘आणि हो, यंदा रेटमध्ये पाच टक्के खाली या. मॅनेजमेंटचा आग्रह आहे.’

या देशात कायदा नाही असं मात्र कुणी म्हणू नये. २००६चा एमएसएमईडी कायदा आहे. लेखी करार काहीही असो, माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. दाद मागायला फॅसिलिटेशन कौन्सिल आहे, तिने ९० दिवसांत निकाल द्यावा अशी तरतूद आहे, आणि २०१७पासून ‘समाधान’ नावाचं पोर्टलही आहे. अडचण एवढीच की तक्रारीत खरेदीदाराचं नाव लिहावं लागतं. निकाल लागेल तेव्हा लागेल, ऑर्डर आधी बंद होते. शेठ म्हणतात, ‘पाण्यात राहून माशाशी वैर कसं करू? व्याज कायदा देईल, पण काम कोण देईल?’

मग २०२३च्या वित्त कायद्याने आयकराचा बडगा काढला. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल मुदतीत चुकतं केलं नाही, तर तो खर्च त्या वर्षीच्या वजावटीत धरायचा नाही. ज्या वर्षी पैसे द्याल, त्या वर्षी धरा. शेठ खूश झाले. साहेबांच्या कंपनीनेही तातडीची बैठक घेतली आणि दुसऱ्याच दिवशी शेठना आपणहून फोन आला. ‘शेठ, ते तुमचं लघुउद्योगाचं उद्यम रजिस्ट्रेशन... असायलाच पाहिजे का?’

या बँकेतून सरकारही उचल घेतं. बिल फाडलं की पुढच्या महिन्यात ठरल्या तारखेला जीएसटी भरायचा, पैसे आलेले असोत वा नसोत. साहेबांनी न दिलेल्या रकमेवरचा १८ टक्के कर शेठ खिशातून भरतात आणि त्याच करापोटी साहेब आपलं इनपुट क्रेडिट उचलून मोकळे होतात. भरणा एक दिवस लांबला तर शेठना व्याज लागतं. ‘सिस्टीम डाउन होती, क्वालिटीची सही राहिली होती’ असं जीएसटीच्या पोर्टलला कळवायची सोय नाही.

यावर सगळ्यांना सुचणारा उपाय म्हणजे कर्ज. आपलेच पैसे आपल्याला मिळेपर्यंत शेठनी कॅश क्रेडिटवर व्याज भरत राहावं. मुद्रा योजनेत आधीचं तरुण कर्ज नीट फेडणाऱ्याला आता २० लाखांपर्यंत मिळतं. म्हणजे जो वेळेवर फेडतो त्याला आणखी कर्ज आणि जो फेडत नाही त्याला व्यासपीठ. रिझर्व्ह बँकेने ट्रेड्स नावाची व्यवस्थाही लावून दिली आहे. बिल तिथे चढवायचं, बँका बोली लावतात, थोडी रक्कम कापून बाकीचे पैसे लगेच हातात. सोय उत्तम आहे. फक्त त्या बिलाला आधी साहेबांनी होकार द्यावा लागतो. म्हणजे पुन्हा जीआरएन.

लघुउद्योजकाने जोखीम घ्यावी, रोजगार द्यावा, निर्यात वाढवावी, सगळं कबूल. पण शेठना सातवा कामगार ठेवायचा आहे आणि जुनी मिलिंग बदलायची आहे. त्यासाठी लागणारं भांडवल शोधायला समिती नको आणि अभ्यासदौराही नको. ते साहेबांच्या कंपनीच्या ताळेबंदात ‘देणी’ या सदराखाली व्यवस्थित पडून आहे.

तेव्हा वाचकांपैकी कुणी एखाद्या कंपनीत अकाउंट्सला असाल, तर एक विनंती. ४५ दिवस उलटून गेलेलं एक तरी बिल आज पास करा. त्यासाठी दीपप्रज्वलन करावं लागत नाही.