तेल पाहावं काढून

लग्न पाहावं करून, घर पाहावं बांधून, असं जुनी माणसं सांगून गेली. त्यांच्याकडे डर्ट बाइक नव्हती, म्हणून तिसरं वाक्य राहून गेलं. ते इथे पुरं करत आहोत.

ही मार्गदर्शिका नवशिक्यांसाठी आहे. ज्यांनी तिसऱ्या मालकाकडून अडीचशे सीसीची, रेडिएटरवाली टू-स्ट्रोक गाडी घेतली, पहिल्याच रविवारी ताम्हिणीकडच्या ओढ्यात घातली आणि सोमवारी गिअर ऑइल काढायला गेले तर खाली चहा आला, त्यांच्यासाठी. घाबरू नका. बिघाड दुरुस्त करणं हे आपलं ध्येय नाही. ते कुठलाही मिस्त्री करतो. क्लच कव्हरचा एक बोल्ट न उघडता, एक रुपयाचा पार्ट न आणता, केवळ तेलाच्या रंगावरून निदान करायचं आणि ते 'काही विशेष नाही' असंच निघेल याची काळजी घ्यायची, ही आपली विद्या.

१. तेल काढा

गाडी पाच-दहा मिनिटं फिरवून आणा. गरम तेल पातळ होतं आणि तळाचा गाळ घेऊनच बाहेर पडतं. खाली ठेवायला आईचं पातेलं घेऊ नका. घ्यालच, तेव्हा 'कुठलं पातेलं?' हे वाक्य निरागसपणे म्हणायचा सराव आधी करून ठेवा.

ड्रेन बोल्टला मापाची गोटी लावतात. ती तुमच्याकडे नाही. नळाचं काम करताना आणलेला अ‍ॅडजस्टेबल पाना घ्या. बोल्टचं डोकं गोल झालं तर खचू नका, प्रत्येकाचं पहिलं डोकं गोलच होतं. परत बसवताना मात्र जोर दाखवू नका. केसिंग अ‍ॅल्युमिनियमचं असतं, हे आटे गेल्यानंतर जन्मभर लक्षात राहतं.

२. रंग ओळखा

आधी थोडं शास्त्र, पटकन उरकू. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकचं वंगण पेट्रोलबरोबर येतं आणि धुराबरोबर जातं. गिअरबॉक्सचं तेल वेगळं, जेमतेम पाऊण लिटर, आणि त्यात फक्त गिअर आणि क्लच डुंबतात. म्हणजे 'इंजिनच्या काजळीने काळं झालं असेल' ही पळवाट तुम्हाला नाही. वाईट वाटतं, पण सांगणं भाग आहे.

*मधासारखा रंग:* तेल चांगलं आहे. तुम्ही उगाच काढलंत.

*राखाडी, चंदेरी झाक:* नव्या गाडीत पहिल्या काही तासांत हे चालतं. जुन्या गाडीत क्लचच्या प्लेटा बास्केटच्या बोटांवर आपटून खाचा पाडतात आणि ते अ‍ॅल्युमिनियम तेलात उतरतं. तज्ज्ञांनी इथे म्हणावं, 'गाडी अजून रन-इन व्हायचीय.' गाडीचं वय विचारणाऱ्याला पाणी आणायला पाठवावं.

*काळं आणि करपलेलं:* चढावर अर्धा क्लच दाबून दहा मिनिटं गाडी ओरडत ठेवली की प्लेटा जळतात. तज्ज्ञांनी म्हणावं, 'चढच तसला होता.'

*दुधाळ, कटिंग चहासारखं:* तेलात पाणी आहे. हे पाणी आलं कुठून, हा या विद्येचा गाभा. म्हणून त्याला वेगळी पायरी.

३. पाण्याचा उगम शोधू नका

वाटा मुख्यतः दोन. पहिली ओढ्याची. गिअरबॉक्सला श्वासाची एक नळी असते. तापलेलं इंजिन गार पाण्यात शिरलं की आतली हवा आकसते आणि त्या नळीचं तोंड बुडालेलं असेल तर ती सरळ ओढा पिते. दुसरी वाट वॉटर पंपाची. पंपाच्या दांड्यावर एक सील पाणी अडवतं, दुसरं तेल. बऱ्याच गाड्यांत या दोघांच्या मधोमध बाहेर उघडणारं एक बारीक छिद्र ठेवतात. सील थकलं की तिथून थेंब पडतो आणि मालकाला वेळेत कळतं.

नवशिक्या हा थेंब बघतो आणि छिद्रावर एम-सील लावतो. शाब्बास! पाण्याची बाहेर पडायची वाट बंद झाली. आता ते गुपचूप गिअरबॉक्सकडे वळेल.

दोन्हींतला फरक ओळखायचा तर नवं तेल घाला, दोन रविवार ओढा टाळा आणि रेडिएटरचं झाकण उघडून बघा. कुलंट उतरत असेल तर पंप, उतरत नसेल तर ओढा. गाडी थंड असताना हे अर्ध्या मिनिटात होतं, अवजार लागत नाही, उत्तर पक्कं मिळतं. म्हणूनच हे कोणी करत नाही. पक्क्या उत्तराला पुढे खर्च चिकटलेला असतो.

४. वास घ्या, पण तोंड गंभीर ठेवा

तेल दोन बोटांत चोळा, नाकाशी न्या, डोळे मिटा. शेजारचे बघत असतील तर 'हं' म्हणा. पेट्रोलचा वास आला तर क्रँकचं क्लचकडचं सील गेलं. अशा गाडीत एकीकडे मिश्रण गिअरबॉक्समध्ये शिरतं आणि दुसरीकडे गिअर ऑइल क्रँककेसमध्ये ओढलं जाऊन पांढरा धूर होऊन निघतं. तेल कमी होतंय पण जमिनीवर डाग नाही, हा चमत्कार तो हाच. तुम्ही मात्र म्हणा, 'पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल जरा जास्त पडलं.' सगळे मान डोलावतील, कारण त्यांच्या गाडीतही जास्तच पडलेलं असतं.

५. चुंबक फिरवा

बोल्टच्या टोकाला चुंबक असेल तर त्यावर बारीक, लोण्यासारखी काळी लव दिसेल. ती रोजची झीज. आकार ओळखू येईल असा तुकडा दिसला, तर तो गिअरचा दात आहे. तो खिशात टाका आणि विषय बदला. अ‍ॅल्युमिनियम आणि पितळ चुंबकाला चिकटत नाही. त्यामुळे 'चुंबक स्वच्छ आहे' हे वाक्य खरं बोलून खोटं सांगायला फार उपयोगी.

६. तवा तापवा

ही चाचणी खरी आहे, म्हणून जपून. तापलेल्या तव्यावर तेलाचा एक थेंब सोडा. तडतडला तर पाणी, नुसता धूर आला तर नाही. पुढचे चार दिवस भाकरीला जो वास येईल त्याबद्दल घरात एक स्वतंत्र चाचणी होईल. तिचा निकालही लगेच लागतो.

७. जाणकारांना विचारा

कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकाका‌ंकडे बरणी घेऊन जा. त्यांच्या हाताखालून शेकडो आरएक्स १०० गेल्यात. काका बरणी उन्हात धरतील आणि म्हणतील, "आरएक्सला असं कधी होत नाही." हे शंभर टक्के खरं आहे. १९८५ ते १९९६ या काळात इथे बनलेली ती गाडी हवेवर थंड होते. तिला रेडिएटर नाही आणि वॉटर पंपही नाही. नसलेलं सील गळत नाही. तुम्ही समाधानाने घरी या.

८. उपचार करा

उपचार एकच: नवं तेल. शक्य तितकं महाग. डब्यावर 'जासो एमए२' बघून घ्या, म्हणजे ओल्या क्लचला चालणारं. काकांकडे उरलेलं गाडीचं, म्हणजे चारचाकीचं, तेल फुकट मिळत असेल तर तेही घालून बघा. त्यातल्या घसरणसुलभ रसायनांनी क्लच असा सटकेल की रंगाची काळजी कायमची विसराल.

नवं तेल घातलं की काचेत मध दिसतो. निदान झालं! पुढच्या सोमवारी पुन्हा चहा आला तर पायरी १ पासून सुरू करा. चार वेळा तेल बदललंत की सील, गॅस्केट आणि काकांची मजुरी यांचे पैसे वसूल होतात. फक्त ते दुकानदाराला.

९. जुन्या तेलाची सोय लावा

गटारात ओतू नका. गॅरेजवाल्याच्या जळक्या ऑइलच्या पिंपात द्या. तेवढा उत्साह नसेल तर बरणी जिन्याखाली ठेवा. वडिलांना ती सापडेल. त्यांच्या पिढीला जळकं ऑइल वाया गेलेलं बघवत नाही. थोडं दाराच्या चौकटीला वाळवीसाठी, उरलेलं फाटकाच्या बिजागऱ्यांना.

पावसाळा संपता संपता फाटक कुरकुरू लागेल. वडील बिजागरीवरून बोट फिरवतील, बोटाला तांबूस गंज येईल. ना तवा, ना चुंबक, ना वास. ते तुमच्याकडे न बघताच म्हणतील, "तेलात पाणी होतं रे तुझ्या."

निदान बरोबर आहे. पण त्यांना गाड्यांतलं काही कळत नाही, हे लक्षात ठेवा.